फर्ज किती, रिवाज किती

शांतता समितीच्या बैठकीत धर्माविषयी कधीच बोलणं होत नाही. गणपती, दुर्गा, मोहरम, ईद असं काही जवळ आलं की पोलिस ठाण्यातून निरोप येतो आणि दोन्हीकडची ठरलेली माणसं ठरलेल्या खुर्च्यांवर येऊन बसतात. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार, मशिदीसमोर वाजंत्री कधी थांबणार, कमान किती उंच, डीजेला परवानगी आहे की नाही, हे सगळं तासाभरात मिटतं. मग ठाणेदार साहेब सर्वधर्मसमभावावर चार शब्द बोलतात, चहा येतो, फोटो निघतो. या बैठकांची टिंगल करायचा माझा विचार नाही. त्या नसत्या तर कितीतरी गावांत डोकी फुटली असती. पण वर्षानुवर्षं शेजारी बसून ज्यांनी रस्त्याची मोजमापं केली, त्यांच्यापैकी कोणी कोणाला एवढंही विचारत नाही की बाबा, तू दिवसातून पाच वेळा उभा राहतोस तेव्हा म्हणतोस काय? आणि तू आरतीला उभा राहतोस तेव्हा तुझ्या मनात काय असतं?

हा राहून गेलेला प्रश्न या पुस्तकाचा विषय आहे. यातले लेख मुळात खाप्यात आणि आसपासच्या गावांत केलेल्या बोलण्यातून आले. ऐकणाऱ्यांत दोन्हीकडचे लोक असत, म्हणून मजकूर मराठीत झाला. आमच्या घरातली बोली हिंदीच्या अंगाने जाणारी, नमाज अरबीत, धर्माची पुस्तकं उर्दूत. शेजाऱ्याशी भांडण आणि प्रेम मात्र मराठीत. संवाद करायचा तर तो त्याच भाषेत व्हायला हवा.

खापा हे सावनेर तालुक्यातलं, कन्हान नदीच्या उंच काठावरचं गाव. नगरपालिका १८६७ सालची, म्हणजे महाराष्ट्रातल्या जुन्या पालिकांपैकी. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये या गावाची ओळख हातमागाच्या कापडाने आणि जवळच्या मॅंगनीजच्या खाणींनी करून दिलेली आहे. गुमगावची खाण आजही चालू आहे. मागावर आणि खाणीत माणसं शेजारी शेजारी राबली, म्हणून एकमेकांचे सण, सुतक, लग्नाचे खर्च, सासुरवाडीची भांडणं, सगळं सगळ्यांना ठाऊक. ठाऊक नव्हती ती फक्त एकमेकांची प्रार्थना. अजानमध्ये अकबर बादशहाचं नाव कशाला घेता, असं मला शिकल्यासवरल्या माणसांनी विचारलेलं आहे. आणि तुमचे हे तेहतीस कोटी मोजले कोणी, असं विचारणारे आमच्यातलेही कमी नाहीत.

मला या पुस्तकात एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्या धर्मात फर्ज किती आणि रिवाज किती, हे ज्याला नेमकं कळतं तोच दुसऱ्या धर्माच्या माणसाशी नीट बोलू शकतो. ज्याला ते कळत नाही तो एक तर सगळंच सोडून द्यायला तयार होतो, नाही तर कशावरही अडून बसतो. फिकहच्या शास्त्रात, म्हणजे आमच्या धर्माच्या कायदेशास्त्रात, प्रत्येक कृतीची पायरी ठरलेली आहे. फर्ज म्हणजे टाळता येणार नाही असं. त्याखाली वाजिब, मग सुन्नत म्हणजे पैगंबरांची रीत, मग नफिल म्हणजे ऐच्छिक. त्यापलीकडे मुबाह म्हणजे करा किंवा न करा, हिशेबात धरलं जात नाही असं. उलट बाजूला मकरूह म्हणजे नापसंत आणि हराम म्हणजे निषिद्ध. मदरशात पहिल्या वर्षाला बसलेल्या पोरालाही ही उतरंड पाठ असते. मोहल्ल्यात मात्र सगळ्याचा एकच भाव झालेला आहे. जुलूस, झेंडा, भोंगा, टोपी आणि नमाज, सगळं एका तागडीत.

म्हणून आधी नमाजेविषयी. दिवसभरात फर्ज रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तनं, सतरा: फजरच्या दोन, जोहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन, इशाच्या चार. जुम्म्याला जोहरच्या जागी दोन आणि त्याआधी खुतबा, म्हणजे प्रवचन. प्रत्येक रकातीत सूरह फातिहा येते, सात आयतींची. म्हणजे जो माणूस फक्त फर्ज नमाज पढतो त्याच्याही मनातून ती दिवसातून सतरा वेळा जाते. त्या सात आयतींत काय आहे? साऱ्या विश्वाच्या पालनकर्त्याची स्तुती, त्याची दया, निवाड्याच्या दिवसावर त्याची सत्ता, फक्त त्याचीच उपासना, फक्त त्याच्याकडेच मागणं, आणि मागायचं ते एकच: सरळ वाट. पैसाअडका नाही, पोरबाळ नाही, शत्रूचा नाश नाही. मागण्याची इतर यादी नंतरच्या दुआमध्ये, हात उचलून, ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या बोलीत. नमाज ठरलेली आणि दुआ मोकळी, हा फरक हिंदू मित्रांना सांगितला की त्यांना पटकन कळतो. त्यांच्याकडेही संध्या वेगळी आणि देवापुढे बसून घातलेलं गाऱ्हाणं वेगळं.

याच सूरहच्या शेवटी एक अवघड जागा आहे, ती झाकायची नाही. ज्यांच्यावर कोप झाला आणि जे भरकटले, त्यांच्या वाटेला आम्हाला लावू नकोस, असा त्या आयतीचा भाव. हे लोक कोण? जुन्या भाष्यकारांपैकी अनेकांनी यहुदी आणि ख्रिस्ती अशी नावं घातली. आयतीत नाव कोणाचंच नाही. नमाजेत उभं राहून मी हे मागतो तेव्हा भरकटण्याची भीती माझी स्वतःची असते, असं मानणारेही भाष्यकार झाले, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. मौलाना आझादांनी ‘तर्जुमानुल कुरआन’च्या पहिल्या खंडात या सात आयतींवर जवळजवळ एक ग्रंथच लिहिला. सगळ्या धर्मांच्या मुळाशी दीन एकच, वेगळी आहे ती शरीयत, म्हणजे वागण्याची रीत, अशी त्यांची मांडणी. ती आली १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला. उलेमांनी तिच्यावर टीकाही भरपूर केली. फातिहा आवडते म्हणून सांगणाऱ्याने ही टीकाही वाचावी. नाहीतर आपण पुन्हा शांतता समितीत जाऊन बसलो.

आता फर्ज-रिवाजाची कसोटी लावून बघायची तर अलीकडचं एक उदाहरण फार चांगलं आहे. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद, म्हणजे पैगंबरांचा जन्मदिवस, एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबरला. २०२४ मध्ये लागोपाठच्या दिवशी, १६ आणि १७ सप्टेंबर. २०२५ मध्ये पुन्हा तसंच, ५ आणि ६ सप्टेंबर. हे नशीब नव्हे, गणित आहे. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं, त्यात अधिकमास नाही, म्हणून ते ऋतूंमधून मागे मागे सरकत जातं. आपलं पंचांगही चंद्राचंच, पण अधिक महिना घालून ते सूर्याशी जुळवून घेतं. त्यामुळे मिलादचा महिना रबिउल अव्वल आणि भाद्रपद यांची गाठ साधारण बत्तीस-तेहतीस वर्षांनी पडते, आणि पडली की पुढचा अधिकमास येईपर्यंत टिकते. २०२३ चा अधिक श्रावण या गाठीच्या अलीकडे होता आणि २०२६ चा अधिक ज्येष्ठ ती सोडवतो. मधली तीन वर्षं एकच चंद्रकोर बघून एक गल्ली गणपती बसवण्याच्या तयारीला लागली आणि दुसरी मिलादच्या.

तिन्ही वर्षी मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी विसर्जनाच्या गर्दीचा विचार करून जुलूस पुढे ढकलला. आधी २९ सप्टेंबर, मग १८ सप्टेंबर, मग ८ सप्टेंबर. सरकारने त्याप्रमाणे सुट्टी हलवली. वर्तमानपत्रांनी याला सामंजस्य म्हटलं, आणि ते होतंच. पण मुसलमानाच्या नजरेतून त्यात आणखी एक गोष्ट होती. जुलूस हलवता आला, कारण तो फर्ज नाही. सुन्नतही नाही. आमच्यातले काही जण मिलादचा जुलूस मुळात मानतच नाहीत. जे मानतात तेही त्याला पैगंबरांवरच्या प्रेमाचा एक प्रकार मानतात, आणि प्रेम दोन दिवसांनी व्यक्त केलं म्हणून कमी होत नाही. त्या संध्याकाळची मगरिब कोणी दोन दिवस पुढे ढकलायला सांगितली असती तर उत्तर वेगळं मिळालं असतं, आणि ते बरोबर असतं. ज्यांनी जुलूस हलवला त्यांना ही पायरी कळली होती. म्हणून त्यांनी तो हरल्यासारखा नव्हे, दिल्यासारखा हलवला.

भोंग्याचंही तेच. अजान सुन्नत आहे, तीही ताकीद असलेली. भोंगा ही विसाव्या शतकात आलेली वस्तू. गंमत अशी की तो आला तेव्हा आमच्याच उलेमांनी त्यावर आक्षेप घेतले. यंत्रातून आलेल्या इमामाच्या आवाजामागे नमाज होते की नाही, यावर फतवे निघाले, वाद झाले. ज्या वस्तूला आजोबांनी मशिदीत शिरू दिलं नाही ती नातवाला इमानाची खूण वाटते! सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकांवर बंदी कायम केली. पहाटेची फजरची अजान तर वर्षातले बहुतेक दिवस सहाच्या आधीच होते. २०२२ मध्ये या प्रश्नाचं राजकारण पेटलं तेव्हा राज्यातल्या अनेक मशिदींनी फजरचा भोंगा आपण होऊन बंद ठेवला. दबावाखाली ठेवला, असं म्हणणारे आहेत, आणि त्यात खोटं काही नाही. मला वाटतं, तो दबाव येण्याआधी कोणी आजारी शेजाऱ्यासाठी ठेवला असता तर आमची बाजू अधिक भक्कम झाली असती. नियम सगळ्यांना सारखा लागू व्हावा, ही मागणी त्यामुळे कमी होत नाही. नवरात्रातल्या आणि लग्नातल्या डीजेलाही कान असलेली माणसंच ऐकतात.

इस्लामच्या इतिहासातल्या दोन हकीकती मला या संदर्भात जोडीने वाचाव्याशा वाटतात. पहिली मदिनेतली. हिजरी नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास नजरानच्या ख्रिस्ती लोकांचं एक मंडळ पैगंबरांना भेटायला आलं. बोलता बोलता त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली. काही सहाबी, म्हणजे पैगंबरांचे साथीदार, त्यांना अडवायला निघाले. पैगंबरांनी अडवू दिलं नाही, आणि त्या लोकांनी पूर्वेकडे तोंड करून मशिदीतच आपली प्रार्थना केली. इब्न इस्हाकच्या चरित्रात हे आहे. त्यानंतर हजरत ईसांविषयी वाद व्हायचा तो झालाच, मतभेद मिटले नाहीत, करार होऊन मंडळी परत गेली. प्रार्थनेला जागा दिली म्हणून पैगंबरांनी आपलं मत पातळ केलं नाही. मत वेगळं होतं म्हणून जागा नाकारलीही नाही.

दुसरी जेरुसलेमची, ६३७-३८ च्या सुमाराची. शहर हजरत उमर यांच्या हाती आलं. तिथले धर्मगुरू सोफ्रोनियस त्यांना मोठं चर्च दाखवत होते, तेवढ्यात नमाजेची वेळ झाली. इथेच पढा, असं धर्मगुरूंनी सुचवलं. उमर यांनी नकार दिला आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन नमाज पढली. आज मी आत पढलो तर उद्या माझे लोक ‘इथे उमर पढले होते’ म्हणून ही जागा मागतील, असं त्यांचं कारण. ही हकीकत मुसलमानाने नव्हे, दहाव्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने, युटिकियसने नोंदवलेली आहे. एका हकीकतीत जागा दिली, दुसरीत दिलेली जागा घेतली नाही. माझ्या लेखी दोन्ही गोष्टी मिळून संवाद होतो. आपल्या देशातल्या प्रार्थनास्थळांच्या भांडणांत दोन्हीकडच्या लोकांना दुसरी हकीकत सोयीस्करपणे विसरायला होते.

ही जोडी डोक्यात ठेवून गांधीजींच्या सेवाग्रामकडे बघावं. इथून वर्धा लांब नाही, आणि सर्वधर्म प्रार्थना म्हणून आज शाळाशाळांतून जे काही होतं त्याचं माहेर तिथलं. शाळेतल्या त्या कार्यक्रमाविषयी माझं मत फारसं बरं नाही. प्रत्येक धर्माचे दोन श्लोक पाठ केलेली सहा मुलं रांगेत उभी, प्रत्येकाच्या डोक्यावर त्या त्या धर्माची टोपी, आणि मुसलमान झालेला पोरगा हमखास फेज टोपीत. सेवाग्रामची प्रार्थना अशी जमलेली नव्हती. तिच्यातला एकेक तुकडा एकेका माणसाबरोबर आला. फातिहा आली ती रैहाना तय्यबजींमुळे. सुरुवातीचा जपानी बौद्ध मंत्र आला तो आश्रमात राहिलेल्या जपानी भिक्खूमुळे. युद्धात त्या भिक्खूला सरकारने पकडून नेलं, मंत्र मात्र आश्रमात राहिला. पारशी प्रार्थना आली ती आगाखान पॅलेसच्या कैदेत गांधीजींबरोबर डॉ. गिल्डर होते म्हणून. आधी माणूस, मग त्याची प्रार्थना.

१९४७ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या वाल्मीकी मंदिरात कोणीतरी उठून म्हणालं, इथे कुरआन वाचायचं नाही. गांधीजींनी आयती वगळून प्रार्थना पुढे नेली नाही, आणि विरोध करणाऱ्याला बाहेर काढून ती रेटलीही नाही. त्या संध्याकाळी प्रार्थनाच केली नाही. पुढच्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा विरोध, पुन्हा नाही. धर्मसंवादावरच्या व्याख्यानांपेक्षा त्या न झालेल्या प्रार्थनांनी मला जास्त शिकवलं.

विनोबांचं वेगळं. त्यांनी अरबी शिकून कुरआन मुळातून वाचला, उच्चारांसकट, आणि वर्षानुवर्षं त्यात राहून १९६२ मध्ये ‘कुरआन-सार’ काढला. त्याच वर्षी ते पायी पूर्व पाकिस्तानात गेले. निवडलेल्या आयतींची त्यांनी विषयवार मांडणी केली, आणि ती मला सगळीकडे पटत नाही. आयत संदर्भातून उचलली की तिचे कोपरे घासले जातात. पण एका मराठी ब्राह्मणाने पवनारला बसून आमच्या ग्रंथासाठी जेवढे कष्ट उपसले तेवढे आपल्यापैकी किती मराठी मुसलमानांनी ज्ञानेश्वरीसाठी उपसले? जुन्या काळी उपसले होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ सतराव्या शतकातला, शाहमुनींचा ‘सिद्धांतबोध’ अठराव्या शतकातला. गीतेवर मराठीत टीका लिहिणारे हुसेन अंबरखानही त्याच परंपरेतले. रा. चिं. ढेरे यांनी या साऱ्यांवर पुस्तक लिहिलं नसतं तर आम्हालाच त्यांची नावं ठाऊक झाली नसती. श्रीगोंद्यात आता शेख महंमदांचं स्थान मंदिर की दर्गा यावरून तंटा आहे. त्यांना स्वतःला विचारता आलं असतं तर दोन्ही पक्षांची पंचाईत झाली असती.

विदर्भात सेवाग्रामपेक्षाही घराघरांत पोचलेली गोष्ट म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना. मोझरीचा गुरुकुंज १९३५ चा. तिथून निघालेली ही प्रार्थना आमच्याकडच्या खेड्याखेड्यांत संध्याकाळी होते, आणि बहुतेक वेळा मगरिबच्या आगेमागे. मुसलमानाच्या डोळ्यांना तिच्यातल्या काही गोष्टी लगेच ओळखीच्या वाटतात. वेळ ठरलेली, ओळी सरळ, लहानमोठा-जातपात न बघता जागा मिळेल तिथे बसणं, आणि समोर मूर्तीऐवजी अधिष्ठानाचं आसन. आता त्यावर महाराजांचा फोटो आला आहे, तो भाग निराळा. तिथे मी बसू शकतो का? बसू शकतो, ऐकू शकतो. म्हणू शकतो का? इथे माझं उत्तर तुटक आहे: जे मला मनापासून म्हणता येईल तेवढंच म्हणेन, ओठ हलवून कोणाला खूश करणार नाही. माझ्या शेजारी बसलेल्यांना हे उत्तर मी सांगितलेलं आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. लाज वाटते ती ओठ हलवणाऱ्यांची.

हाच प्रश्न रोजच्या घरात प्रसादाच्या रूपाने येतो. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, शेजारच्या काकू आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्यांची मिसळ असं भरलेलं ताट झाकून घेऊन येतात. फाटकातूनच हाक मारतात, “खाला, गरम आहे, आत्ताच खा बा.” आमच्याकडून ईदला शीरखुर्म्याचा डबा जातो आणि रिकामा कधी परत येत नाही, त्यात साखर तरी असते. आता आंबील खायची की नाही? अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावाने कापलेल्या जनावराचं मांस हराम, हे कुरआनात स्पष्ट आहे आणि त्यावर मतभेद नाही. नैवेद्याचा गोड पदार्थ, नारळ, पोळी यांवर उलेमांत मतभेद आहेत. आमच्या घरात काही जण खातात, काही खात नाहीत. माझ्या परिचयातल्या एका बाईंनी शेजारणीला सरळ सांगून टाकलं होतं: “पूजेच्या आधी बाजूला काढलेलं दे, मी पोटभर खाईन.” शेजारणीने त्या वर्षापासून एक वाटी आधी काढायला सुरुवात केली. मौलवीसाहेब, ठाणेदार आणि आमदार यांच्यापैकी कोणाचीही गरज न लागता दोन बायकांनी फिकहचा एक मसला स्वयंपाकघरात सोडवला. व्यासपीठावरच्या संवादात बायका दिसत नाहीत, मशिदीच्या सफीतही, म्हणजे नमाजेच्या रांगेतही, आमच्याकडे बहुतेक नसतातच. खरी बोलणी मात्र त्यांनीच टिकवून धरलेली आहेत. म्हणून या पुस्तकातला सगळ्यात लांब लेख त्यांच्यावर आहे, आणि तो सगळ्यात अपुराही वाटेल.

खाप्याहून नदीच्या खालच्या अंगाला गेलं की वाकी लागते, आणि आणखी खाली कामठी. कामठीला १८६१ साली ताजुद्दीन बाबांचा जन्म झाला. फौजेतली नोकरी सुटली, लोकांनी वेडा ठरवलं, १८९२ मध्ये नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. तिथेच लोक दर्शनाला येऊ लागले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी जामीन राहून त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या महालात आणलं. पुढे ते वाकीला काशीनाथराव पाटलांकडे येऊन राहिले. म्हणजे एका मुसलमान अवलियाला आधार दिला एका मराठा राजाने आणि एका हिंदू पाटलाने. वाकीला बाबांनी झाडांखालच्या जागांना नावं दिली होती. एक शिफाखाना, एक मदरसा, एक मशीद. आजारी माणसाला म्हणायचे, शिफाखान्यात जाऊन पड. परीक्षेच्या पोराला मदरशाकडे पाठवायचे. भिंत नाही, छप्पर नाही, आणि जाणाऱ्याची जात-धर्म कोणी विचारत नसे. १७ ऑगस्ट १९२५ ला बाबा गेले. ताजाबादला त्यांचा दर्गा आहे, तिथल्या उर्सात भोसल्यांच्या वाड्यावरून संदल आजही येतो.

याला आंतरधर्मीय संवाद म्हणायचं का? लोक म्हणतात, मी म्हणत नाही. दर्ग्यात माणूस आपलं दुःख घेऊन येतो, शेजारचा त्याचं घेऊन येतो, दोघं एकाच चौकटीला हात लावून परत जातात. त्यात माया आहे, बोलणं नाही. शिवाय आमच्यातल्याच अनेकांना दर्ग्याला जाणं मान्य नाही, आणि त्यांच्याकडे त्यांची कारणं आहेत. इथेही पुन्हा पायरी बघावी: उर्सला जाणं फर्ज नाही, आणि जाणाऱ्याला मुश्रिक, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला मानणारा, म्हणून हाकलणं तर त्याहून नाही. वाकीचं मोल माझ्या मते वेगळं आहे. जिथे मुळात माणसं न भांडता शेजारी उभी राहतात तिथेच पुढचा अवघड प्रश्न विचारता येतो. दंगलीच्या दुसऱ्या दिवशी विचारता येत नाही. मार्च २०२५ मध्ये नागपुरात महाल भागात जी दंगल झाली त्यानंतर काही आठवडे आमच्याकडे लोक एकमेकांशी फक्त पाण्यावर आणि कापसाच्या भावावर बोलत होते.

मोठ्या जगात या विषयावर दस्तऐवज पुष्कळ झाले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा काढला आणि मुसलमानांविषयी आदराने बोलली. २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना अनावृत पत्र लिहिलं. ईश्वरावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम हा त्याचा पाया. २०१९ मध्ये अबूधाबीत पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे प्रमुख इमाम यांनी एका दस्तऐवजावर एकत्र सह्या केल्या. ही सगळी एका पूर्वजाच्या, हजरत इब्राहीमच्या वारसांतली बोलणी. हिंदू शेजाऱ्याशी बोलताना हा पूर्वज उपयोगी पडत नाही, मूर्तीचा प्रश्न आडवा येतोच. पण या देशातल्या मुसलमानांनी त्यावर डोकं चालवलेलं आहे. दाराशुकोहचं नाव सगळे घेतात. अठराव्या शतकातले दिल्लीचे नक्शबंदी सूफी मिर्झा मझहर जाने-जानाँ यांचं कोणी घेत नाही. शरीयतेला काटेकोर असलेल्या या माणसाने एका पत्रात लिहून ठेवलं की हिंदूंच्या ग्रंथांचं मूळ ईश्वरी आहे आणि त्यांची मूर्तिपूजा ही इस्लामपूर्व अरबांच्या मूर्तिपूजेसारखी नाही, तिचं नातं सूफींच्या ध्यानाशी अधिक आहे. सगळ्या उलेमांना हे मान्य नाही. पण सूरह अनआमच्या १०८ व्या आयतीत दुसऱ्यांच्या आराध्यांना शिव्या द्यायची मनाई आहे, ती सगळ्यांना मान्य करावीच लागते.

दोन आक्षेप मला आधीच ठाऊक आहेत. आमच्याकडचे म्हणतील, तुझं काम दावत द्यायचं, म्हणजे इस्लामकडे बोलावायचं. गप्पा कसल्या मारतोस? उत्तर पहिल्या लेखात आहे. थोडक्यात एवढंच की ज्याला फक्त बोलवायचं असतं तो ऐकत नाही, आणि न ऐकणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. दुसरा आक्षेप सुधारकांचा. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तलाकपीडित बायकांचा प्रश्न रस्त्यावर आणला. त्यांच्या परंपरेतले मित्र म्हणतात, नमाज-रोजा हा खासगी मामला, बोलायचं तर कायद्यावर आणि हक्कांवर बोल. दलवाईंचे प्रश्न टाळून केलेला संवाद नुसती साखरपेरणी होते, हे मला मान्य आहे. पण जो माणूस दिवसातून पाच वेळा कपाळ टेकून सजद्यात जातो त्याच्याशी त्याच्या सजद्याविषयी चकार शब्द न काढता तुम्ही हक्कांविषयी बोलायला गेलात, तर तो तुमचं बोलणं परक्याचं म्हणून ऐकतो. दलवाईंचं म्हणणं मोहल्ल्यात जेवढं पोचायला हवं होतं तेवढं पोचलं नाही, याचं हे एक कारण आहे.

शेवटचा लेख मयतीवरचा आहे. जनाजाच्या नमाजेत रुकू म्हणजे वाकणं नाही, सजदा नाही, उभ्यानेच चार तकबिरी, म्हणजे चार वेळा ‘अल्लाहु अकबर’. आमच्या गावात हिंदू शेजारी तेव्हा बाजूला उभे राहतात आणि नंतर मातीला येतात. तीन मुठी माती सगळेच देतात. तिरडीला आमचे लोक खांदा देतात, घाटापर्यंत जातात. पण गेलेल्या हिंदू मित्रासाठी मी दुआ मागावी का आणि काय मागावं, यावर उलेमांचं बहुतांश मत कडक आहे. एका यहुद्याचं प्रेत जाताना हजरत पैगंबर उठून उभे राहिले, आणि लोकांनी हटकलं तेव्हा तोही एक जीवच होता ना, अशा अर्थाचं उत्तर दिलं. हे बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे. उभं राहण्यापर्यंत वाट स्पष्ट आहे. त्यापुढे काय, हे मी त्या लेखात दोन्ही बाजूंनी मांडलं आहे आणि निकाल दिलेला नाही.

आयतींचे आणि हदीसचे भावार्थ माझे आहेत, त्यांना तर्जुमा समजू नये. अरबी शब्द शक्यतो मोहल्ल्यात बोलले जातात तसेच ठेवले आहेत. नमाजेच्या तपशिलांत हनफी रीत धरली आहे, कारण इकडे बहुतेकांची तीच. कोकणातल्या शाफई वाचकांना काही जागी फरक दिसेल. आणि ज्यांना आधी प्रसादाचंच काय ते जाणून घ्यायचं आहे, त्यांनी बायकांवरच्या लेखापासून सुरुवात केली तरी चालेल.